गावातली पोरं गोळ्या घेतात असं कळल्यावर मंडळाने काय करायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका युवक मंडळाचा प्रश्न असा: गावातली आठवी ते बारावीची काही मुलं गांजा ओढतात. दोघं-तिघं दारूबरोबर कसल्यातरी गोळ्या घेतात. महिन्यापूर्वी त्यातला एक रात्रभर बेशुद्ध होता, घरच्यांनी प्रकरण दाबलं. मंडळाने व्यसनमुक्तीची फेरी आणि व्याख्यान ठेवावं का, मुलांना कुठे न्यावं, आणि पुन्हा तशी रात्र आली तर काय करायचं?

फेरीचं नंतर बघू. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी घ्यायला हवा, कारण त्या मुलाचं नशीब बलवत्तर होतं एवढंच. दारू आणि झोपेच्या गोळ्या, म्हणजे नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे, एकत्र पोटात गेल्या की दोन्ही मिळून मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतात. नुसत्या दारूने किंवा नुसत्या दोन गोळ्यांनी जे झालं नसतं, ते दोन्हींच्या बेरजेने होतं. त्यात ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉलसारखी वेदनाशामक गोळी किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मिसळलं तर धोका आणखी वाढतो. ट्रामाडॉलने फिटही येते. श्वास हळूहळू कमी होत जातो, त्यामुळे आरडाओरडा होत नाही. मुलगा घोरतोय असं वाटतं आणि घरचे म्हणतात, "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल." अनेक मृत्यू या वाक्याच्या आडोशाने होतात.

ओळखायचं असं. मोठ्याने नाव घेऊन हाक मारा, खांदे हलवा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात रगडा. तरी डोळे उघडले नाहीत तर ती झोप नव्हे. मग दहा सेकंद छातीकडे बघा. श्वास अगदी संथ असेल (मिनिटाला १० च्या खाली), ओठ आणि नखं निळसर झाली असतील, घशातून पाणी उकळल्यासारखी घरघर येत असेल, तर लगेच १०८ ला फोन लावा. सीमेवरच्या गावांत एक अडचण येते. मोबाईलला पलीकडच्या टॉवरची रेंज असेल तर फोन शेजारच्या राज्याच्या केंद्रात लागू शकतो. म्हणून बोलायला सुरुवात करतानाच राज्य, तालुका, गाव आणि जवळची खूण सांगा, आजाराचं वर्णन त्यानंतर. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांत पावसाळ्यात गाडी पोचायला वेळ लागतो, तिथे रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नये. गावातली गाडी काढा आणि वाटेत १०८ ची गाडी भेटेल असं फोनवरच ठरवून घ्या.

श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर झोपवा: वरचा गुडघा पुढे वाकवलेला, वरचा हात गालाखाली, तोंड जमिनीकडे कललेलं. उताणा झोपलेला मुलगा स्वतःच्याच उलटीने गुदमरतो. श्वास नाममात्र असेल तर हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडाने द्या, छाती उचलली जाईल इतकाच. श्वास पूर्ण थांबला, अंग निपचित पडलं, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने पाच सेंटिमीटर खोल दाबा. ३० दाबांनंतर २ श्वास. हात भरून येतात, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. वाचून हे जमत नाही. तालुका दवाखान्याच्या डॉक्टरांना किंवा १०८ च्या कर्मचाऱ्यांना गावात बोलवून मंडळाच्या दहा-बारा जणांनी एक दुपार हाताने शिकून घ्या.

आता आपल्याकडे जे हमखास केलं जातं आणि जे करू नये. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, ताक-लिंबू ओतणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, डोक्यावर गार पाण्याची बादली, दोघांनी काखेत धरून अंगणात चालवणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं काहीही फुप्फुसात जातं, आणि चालवल्याने गोळी उतरत नाही. फिट आली तर दातांत चमचा घालू नका, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा आणि झटके थांबले की कुशीवर वळवा.

गोळ्यांची पाकिटं, बाटली, उलटीचा डाग पडलेला शर्ट, जे सापडेल ते बरोबर घ्या. एक गोष्ट शेतीच्या गावात विसरून चालत नाही. अफूवर्गीय औषधाने (ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन वगैरे) डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, पण फवारणीच्या काही कीटकनाशकांनीही तशीच होते. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, औषधाचा उग्र वास असेल तर विष घेतल्याची शंका डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दोन्हींवरचे उपचार पूर्ण वेगळे आहेत आणि लाजेपोटी लपवलेली माहिती तिथे महागात पडते.

दवाखान्यात नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन असतं. ते फक्त अफूवर्गीय औषधांचा परिणाम उलटवतं, दारूवर किंवा नायट्राझेपामवर चालत नाही. त्याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो, पोटातली गोळी त्याहून जास्त वेळ टिकू शकते. म्हणजे मुलगा उठून बसला, बोलायला लागला, घरचे सही करून घेऊन गेले आणि दोन तासांनी पुन्हा श्वास मंदावला, असं होतं. डॉक्टर थांबा म्हणतील तितके तास थांबा. तुमच्या तालुका दवाखान्यात नॅलॉक्सोन आणि ऑक्सिजन रात्री उपलब्ध असतो का, हे दिवसाउजेडी जाऊन एकदा विचारून ठेवा.

घरच्यांनी प्रकरण दाबलं ते पोलिसांच्या भीतीने, हे उघड आहे. विषबाधेच्या रुग्णाची दवाखाना पोलिसांना वर्दी देतो, तो नियम आहे, ती अटक नव्हे. अंमली पदार्थ कायद्याच्या (१९८५) कलम ६४ अ मध्ये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावरच्या खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्ध्यावर सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. जीव द्यायच्या हेतूने गोळ्या घेतल्या असतील तरी घाबरू नका: मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतं, गुन्हेगार नव्हे. हे दोन मुद्दे कागदावर लिहून पालकांच्या हातात द्या, कारण रात्री दोन वाजता कुणी कायदा वाचायला बसत नाही.

तुमच्याकडच्या मुलांत एवढंच चालतं असंही नाही, हे मंडळाला माहीत हवं. पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर पिशवीत घालून हुंगणारी मुलं साधारण दहा ते चौदा वर्षांची असतात. त्यांच्या मागे धावू नका, अचानक दचकवू नका. द्रावकाची वाफ भरलेल्या हृदयाची लय घाबरल्याने आणि पळाल्याने बिघडते आणि मूल जागच्या जागी कोसळतं. शांतपणे पिशवी काढून घ्या आणि मोकळ्या हवेत बसवा. व्यायामशाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांत मेफेन्टरमीनच्या इंजेक्शनची सवय दिसते. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली आलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचं ते औषध आहे. ते टोचून व्यायाम केला की दम लागल्याचं कळत नाही, पण छाती धडधडते, झोप उडते आणि काहींना भास, संशय सुरू होतो. एकाच सुईने चौघांनी टोचलं तर एचआयव्ही आणि काविळीचं (ब आणि क) भय वेगळंच. तालमीच्या वस्तादांना हे सांगा. त्यांचं पोरं ऐकतात.

गांजाने श्वास थांबून मूल दगावत नाही, म्हणून तो हलका असं मुलं धरून चालतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी रोज ओढणाऱ्यांत अभ्यास तर कोलमडतोच, पण घरात मानसिक आजाराची पूर्वपीठिका असेल तर भास-भ्रम लवकर उफाळतात. "कुणीतरी माझ्यावर नजर ठेवतंय" असं मुलगा म्हणायला लागला तर ते भूतबाधेचं प्रकरण नव्हे, पंधरा दिवसांच्या आत मानसोपचार तज्ज्ञ गाठा.

दारूच्या बाबतीत तुमचा भाग गोव्याच्या वाटेवर आहे. स्वस्त बाटली चोर्ल्याच्या घाटातून दुचाकीवरून येते आणि गावच्या यात्रेत, लग्नाच्या वरातीत फिरते. निपाणी-चिकोडी पट्ट्यात दाराशी तंबाखू आहे, तिथे पहिली चिमूट बहुधा घरातल्याच मोठ्या माणसाच्या डबीतली असते. त्या घरात मुलाला उपदेश करून काही होत नाही. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय सेवा आहे, ती आधी बापाने वापरावी.

आता न्यायचं कुठे. पहिली पायरी दवाखानाच असावी असं नाही. १४४१६ म्हणजे टेलिमानस, मानसिक आरोग्याची २४ तासांची मोफत सेवा, सुरुवातीला भाषा निवडता येते. मराठी निवडा. आपल्याकडे पत्रकं कानडीत छापून येतात, आईला ती वाचता येत नाहीत आणि ती तशीच चुलीजवळ पडून राहतात. १४४४६ ही खास व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला कुणी वापरत असेल, मारत असेल किंवा ते घर सोडून पळालं असेल तर १०९८. या तिन्ही ठिकाणी मुलासाठी मदत मागायची.

विकणाऱ्याची माहिती द्यायचा नंबर पूर्ण वेगळा: १९३३, अंमली पदार्थ नियंत्रण विभागाचा. किंवा जिल्ह्याचं सीईएन पोलीस ठाणं, जिथे सायबर, आर्थिक आणि अंमली पदार्थांचे गुन्हे बघतात. हे दोन प्रकारचे नंबर एकाच फलकावर एकाखाली एक लिहू नका. आई घाबरून चुकीच्या नंबरवर फोन करते, दारात गाडी येते आणि पुढची पाच वर्षं त्या गल्लीतली एकही बाई मदत मागत नाही.

प्रत्यक्ष तपासणीसाठी तालुका दवाखान्यातली किशोरवयीनांची खिडकी बघा. महाराष्ट्रात जिला मैत्री क्लिनिक म्हणतात ती इकडे स्नेह क्लिनिक. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर मनोचैतन्य योजनेत ठरलेल्या दिवशी, मुख्यतः मंगळवारी, तालुक्याला येतात. तुमच्याकडचा वार आशाताईंकडून खात्री करून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं वाया. पुढचं ठिकाण बेळगावच्या बिम्सच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. त्याहून गुंतागुंतीचं असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था, बेळगावपासून साधारण ऐंशी किलोमीटर. निपाणीच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं आणि ते तिकडे जातात, त्यात गैर काही नाही. फक्त तातडीच्या वेळी जवळचा दवाखाना, राज्य कुठलंही असो. नंतरच्या दर पंधरा दिवसांच्या फेऱ्यांसाठी मात्र ज्या बाजूचं कार्ड चालतं तिथेच नाव घाला, कारण खर्च परवडला नाही की तिसऱ्या फेरीला मुलगा गळतो.

बहुतेक शाळकरी मुलांना भरती करावं लागत नाही. आठवड्याला एक भेट, पालकांशी वेगळं बोलणं, झोप आणि शाळा रुळावर आणणं, आणि आत दडलेलं नैराश्य, भीती किंवा अभ्यासातली अडचण शोधणं, हेच मुख्य काम. भरती करायची वेळ आली तर मानसिक आरोग्य कायदा साफ आहे. अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकाचा अर्ज लागतो, दोन जणांनी (त्यातला एक मानसोपचार तज्ज्ञ) स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं, मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि ७२ तासांत मंडळाला (मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, तुमचं युवक मंडळ नव्हे) कळवावं लागतं. त्याच कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे साखळीने बांधायला बंदी आहे. "तीन महिने भेटायचं नाही, आम्ही सरळ करतो" असं सांगणारं केंद्र दिसलं की दारातूनच परत फिरा. नोंदणी क्रमांक मागा, डॉक्टर आठवड्यात किती दिवस येतो ते विचारा, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली बघू द्या म्हणा. टाळाटाळ झाली की उत्तर मिळालं.

तीन गोष्टी घरी करू नयेत. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडणं: ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, थरथर अशी जीवघेणी अवस्था. महिनोन् महिने झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याचंही तेच, त्या डॉक्टरांच्या हाताने टप्प्याटप्प्याने उतरवाव्या लागतात. आणि तिसरी, दारू सोडवण्याची पावडर भाजीत गुपचूप मिसळणं. त्यात डायसल्फिराम असेल आणि मुलाने किंवा बापाने वर दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो. ते औषध घेणाऱ्याला माहीत असल्याशिवाय देतच नाहीत.

धर्मस्थळच्या ग्रामाभिवृद्धी योजनेची मद्यवर्जन शिबिरं कर्नाटकभर होतात. घरातल्या मोठ्या माणसासाठी त्यांचा उपयोग होतो. शिबिराची जागा चौदा वर्षांच्या मुलासाठी मात्र नाही, बरोबरच्या पन्नास पिणाऱ्यांकडून तो नको ते शिकेल.

उपचारातून परतल्यानंतरचे पहिले दोन-चार आठवडे सर्वात धोक्याचे, आणि नेमकं तेव्हाच मंडळ "सुधारला" म्हणून सत्कार करतं. शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचणाऱ्या तीन गोळ्या आता जीव घेऊ शकतात. हे मुलाला आणि त्याच्या जवळच्या दोन मित्रांना तोंडावर सांगावं: घेऊ नकोस, आणि घसरलासच तर एकटा बंद खोलीत घेऊ नकोस, दारूबरोबर तर नाहीच. काही पालकांना हे ऐकवत नाही, त्यांना वाटतं परवानगी दिली. परवानगी नाही, मुलगा जिवंत राहिला तरच पुढच्या वेळी त्याला पुन्हा दवाखान्यात नेता येतं.

मित्रांचं नाव मुद्दाम घेतलं. त्या रात्री मुलाबरोबर असतात ते मित्रच, आणि पळतात तेही मित्रच. "बरोबर होतास म्हणून तुला मारणार नाही, फोन कर" असं गावाने आधी जाहीर केलं पाहिजे, आणि पुढे ते पाळलंही पाहिजे. एकदा जरी फोन करणाऱ्या पोराला चोप बसला तर तो निरोप तासाभरात सगळ्या वर्गात पोचतो.

पुरवठ्याचा धागा गावातच लागतो. औषध दुकानात अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल, कोडीन ही औषधं एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि वेगळी नोंद ठेवायच्या औषधांत आहेत. चिठ्ठीवरचं डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. मंडळाच्या दोन ज्येष्ठांनी दुकानदाराला भेटून इतकंच विचारावं: "वही आहे ना?" भांडायला जाऊ नका, बहुतेक दुकानदार सरळ असतात आणि कोण वारंवार विचारायला येतं ते त्यांनाच सगळ्यात आधी कळतं. दुसरा साठा घरात असतो. आजीच्या झोपेच्या गोळ्या, आजोबांच्या कर्करोगाच्या वेदनांवरची औषधं, शस्त्रक्रियेनंतर उरलेली अर्धी पट्टी. मोजून कुलपात ठेवा. शाळेजवळच्या पानटपरीबद्दल सांगायचं तर कर्नाटकात आता २१ वर्षांखालच्या कुणाला तंबाखू विकता येत नाही. बालन्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. टपरीवाल्याला एवढं वाचून दाखवलं तर पुष्कळदा तक्रारीची गरज पडत नाही. मुलाला माल पोचवायला वापरणाऱ्यावर कलम ७८ लागतं. म्हणजे पुडी पोचवताना सापडलेला तुमच्या गावचा नववीतला पोरगा आधी पीडित आहे, हे बीट पोलिसाशी आधीच बोलून ठेवा.

राहिली फेरी आणि व्याख्यान. घसा ताणून सांगितलेल्या भाषणाने मुलं सोडत नाहीत. सुई-कवटीची चित्रं दाखवली तर दोघा-चौघांना उलट कुतूहल वाटतं. माजी व्यसनीने रंगवून सांगितलेली कहाणीही तशीच धोक्याची, मुलांच्या लक्षात "हा एवढं करून बरा झाला" इतकंच राहतं. सातवी-आठवीच्या वर्गात १५ ते २० मुलांच्या गटाने, ४० मिनिटांच्या आठ-दहा बैठका जास्त काम करतात: मित्राला नाही म्हणायचं कसं हे प्रत्यक्ष बोलून बघणं, राग आला की काय करायचं, आणि "सगळेच घेतात" हे खरं आहे का ते वर्गातच गुपित चिठ्ठ्या टाकून मोजणं. मोजल्यावर घेणारे थोडेच निघतात आणि मुलांचा दबाव तिथेच निम्मा होतो. बैठकांची परवानगी एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या) ठरावाने मुख्याध्यापक देऊ शकतात. ग्रामपंचायतीची मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा, वर्षातून एकदा होते, तिथे मुलांनी स्वतः मैदानावरचा दिवा, बंद वाचनालय, तालमीच्या मागची अंधारी जागा हे मुद्दे मांडले तर पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) ते नोंदवावे लागतात. दिवा लागला की त्या कोपऱ्यातला अड्डा हलतो. नाहीसा होत नाही, पण शाळेपासून लांब जातो, तेही काही कमी नाही.

गणपतीत मंडळाच्या हातात सगळ्यात जास्त असतं. वर्गणीतून बाटली नाही, हा ठराव वहीत लिहून सह्या घ्या. विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीच्या शेवटी पाणी, ओआरएस, चादर आणि शिकलेली दोन माणसं असं एक टेबल ठेवा. ती दोघं त्या दिवशी ढोल वाजवणार नाहीत.

आणि मंडळाच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, मराठीत आणि कानडीत: १०८, १४४१६, रात्री गाडी काढणाऱ्या दोघांचे नंबर, आशाताई, तालुका दवाखान्याचा नंबर, श्वास देता येणाऱ्या पाच जणांची नावं. दर सहा महिन्यांनी प्रत्येक नंबरला फोन लावून बघा. गाडीवाल्याचं सिम बदललेलं असतं.